आभाळाखालची खोली

मुंबईत घराचं तोंड कुठल्या दिशेला असावं? उत्तर सोपं वाटतं, पण गाडं तिथेच अडतं. वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. समुद्र दिसतो तोही तिकडेच. म्हणजे खिडक्या पश्चिमेला हव्यात. पण दुपारी तीननंतर चटके देणारं ऊन पश्चिमेचंच, आणि जून-जुलैत आडवा झोडपणारा पाऊसही तिकडूनच घुसतो. खिडकी उघडी ठेवावी तर गादी भिजते, लावून घ्यावी तर जीव गुदमरतो. बहुतेक बिल्डरांनी यावर काढलेला तोडगा आपल्या ओळखीचा आहे: खिडकीवर वीतभर छज्जा, आतून जाड पडदा आणि पुढेमागे ऐपत आली की एसी.

वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांनी याचं उत्तर जुन्या बंगल्यांत शोधलं. त्या बंगल्यांत राहत्या खोल्या मधोमध असत आणि त्यांना चहूबाजूंनी व्हरांडा असे. ऊन-पावसाचा मारा व्हरांड्याने झेलायचा, आतल्या भिंती कोरड्या नि गार राहायच्या. सकाळ-संध्याकाळी घरच्यांनी बैठक मारायची ती मात्र व्हरांड्यातच. युक्ती जुनीच होती. ती उंच इमारतीत कशी न्यायची, एवढाच प्रश्न होता. १९६०च्या दशकात नेपियन सी रोडवरच्या ‘सोनमर्ग’ इमारतीत त्यांनी व्हरांडे, न्हाणीघरं, अभ्यासाची खोली अशा दुय्यम जागांचा एक पट्टा बाहेरच्या अंगाला लावून पाहिला. कंबाला हिलवरच्या ‘कांचनजंगा’मध्ये (१९७०–८३) हाच विचार पूर्णत्वाला गेला.

२१ मीटर लांब आणि तेवढाच रुंद असा चौकोनी मनोरा, ८४ मीटर उंच, २८ मजले. घरं मात्र फक्त ३२. रस्त्यावरून मान वर करून पाहिलं, तर इमारतीच्या कोपऱ्यांत मोठमोठे कोनाडे कोरल्यासारखे दिसतात. ते कोनाडे म्हणजे घरांच्या गच्च्या, प्रत्येक गच्ची दोन मजले उंचीची. तिचं वरचं छत इतकं लांब आहे की चढं ऊन आणि पाऊस आतल्या दिवाणखान्यापर्यंत पोचेपर्यंत त्यांचा जोर संपतो. घराच्या आतही सगळी जमीन एका पातळीत नाही. चार पायऱ्या चढून इकडे, उतरून तिकडे. घरं एकमेकांत अडकवलेली असल्यामुळे बरीचशी आरपार आहेत, पूर्वेकडूनही उघडी आणि पश्चिमेकडूनही. त्यामुळे वारा नुसता आत शिरून थांबत नाही, वाहता राहतो. कोपऱ्यात खांब नसलेली ही गच्ची पेलायची म्हणजे सगळा भार मधल्या गाभ्यावर. ते गणित अभियंता शिरीष पटेल यांनी सोडवलं. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

आता हे खरं की कांचनजंगा श्रीमंतांची इमारत आहे. तिचं कौतुक करताना वास्तुकलेचे विद्यार्थी हे सोयीस्करपणे विसरतात आणि टीका करणारे तेवढंच लक्षात ठेवतात. कोरियांचा विचार समजून घ्यायचा तर तिच्याशेजारी त्यांचं दुसरं काम ठेवून पाहायला हवं: नवी मुंबईतल्या बेलापूरची घरं, जिथे प्लॉटच मुळी ४५ चौरस मीटरचा. दोन्हीकडे एकच सूत्र आहे. घराची एक खोली आभाळाखाली असली पाहिजे. पण बेलापूरला जाण्याआधी थोडं मागे जाऊ.

कोरियांचं घराणं गोव्याचं, जन्म सिकंदराबादचा, शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि मग अमेरिकेत, मिशिगन विद्यापीठात आणि एमआयटीत. लहानपणी खेळण्यातल्या आगगाड्यांचं जबरदस्त वेड. रूळ कसे टाकायचे, कुठे सांधे बदलायचे, गाडी कुठून कुठे न्यायची याचे नकाशे ते काढत बसत. १९५८मध्ये मुंबईत स्वतःचं काम सुरू केलं आणि त्याच सुमारास, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, अहमदाबादच्या साबरमती आश्रमातल्या गांधी स्मारक संग्रहालयाचं काम हाती आलं.

या संग्रहालयाला दर्शनी भिंत अशी जवळजवळ नाहीच. सहा मीटर बाय सहा मीटरचे चौक, विटांचे खांब, वर उतरती कौलं. काही चौक भिंतींनी बंद केलेले, काही तिन्ही-चारी बाजूंनी मोकळे, एकात पाणी. खिडक्यांना काच नाही; उजेड आणि हवा कमी-जास्त करायला लाकडी झडपा. १९६३मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पत्रं आणि फोटो पाहत आपण चालत राहतो आणि मध्येच लक्षात येतं, आपण कधीचे बाहेर आलो आहोत. छप्पर संपलं, झाड आलं, पाणी आलं, पुन्हा छप्पर आलं. आत आणि बाहेर यांच्यामध्ये एकच दार नसून अनेक टप्पे असतात, हे कोरियांचं आयुष्यभराचं म्हणणं इथे पहिल्यांदा विटा-कौलांत उतरलं.

थंड प्रदेशात हे टप्पे परवडत नाहीत. तिथे माणूस एक तर खोक्याच्या आत असतो, नाही तर बाहेर. मधे जड दार, तेही पटकन लावून घ्यायचं. आपल्याकडे खोलीतून पडवीत, पडवीतून अंगणात, अंगणातून झाडाखाली असं सरकत सरकत आपण बाहेर येतो आणि प्रत्येक ठिकाणी उजेड निराळा, वारा निराळा. कोरिया सांगत की पाश्चात्त्यांच्या मनात शाळा म्हटलं की छोटीशी इमारत उभी राहते, आपल्या मनात झाडाखाली बसलेला गुरू. कोकणातल्या ज्या माणसाने ओटी, पडवी, खळं वापरलं आहे त्याला यात नवीन काही वाटणार नाही. नवीन होतं ते हे की अमेरिकेत शिकून आलेला एक आधुनिक वास्तुशिल्पी, ज्याला काँक्रीटचं वावडं नव्हतं, तो हे हळवेपणाने न सांगता हिशेब मांडून सांगत होता.

पहिला हिशेब अहमदाबादचाच. गुजरातच्या गृहनिर्माण मंडळाने अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी स्पर्धा ठेवली होती. कोरियांनी दिलं ते ‘ट्यूब हाउस’: जेमतेम साडेतीन मीटर रुंदीचं, लांबलचक, एकमेकांना चिकटून रांगेत उभं राहणारं घर. छपराला दोन्हीकडून उतार आणि माथ्यावर फट. तापलेली हवा उताराच्या पोटाला घासत वर जाते आणि फटीतून निघून जाते. तिची जागा घ्यायला खालून ताजी हवा आत येते. पंखा नाही, वीज नाही. आत खोल्यांना दारंही जवळजवळ नाहीत, जमिनीच्या पातळ्या बदलूनच खोल्या वेगळ्या केलेल्या. नमुना म्हणून असं घर १९६२च्या सुमारास बांधलं गेलं. मुद्दा असा होता की जिना चढून जायच्या चार मजली इमारतींत जेवढी कुटुंबं मावतात, साधारण तेवढीच अशा बैठ्या रांगांतही मावू शकतात, आणि प्रत्येकाला स्वतःची जमीन मिळते.

दुसरा हिशेब जास्त मोलाचा आहे. गरीब माणसाच्या राहण्याचे कोरियांनी चार भाग पाडले. एक, घराच्या आतली जागा: स्वयंपाक, झोपणं, सामान. दोन, उंबऱ्याबाहेरची जागा, जिथे मुलं खेळतात आणि शेजारणीशी बोलणं होतं. तीन, नळाची किंवा विहिरीची जागा, जिथे वस्ती एकमेकांना भेटते. चार, गावाचं मैदान. हे चारही भाग काही छताखाली, काही उघड्यावर असतात, आणि एक कमी पडला तर दुसरा त्याची भरपाई करतो. घर लहान असलं तरी ओटा आणि अंगण असेल, तर माणूस निभावून नेतो. मुंबईत वर्षातले पावसाचे तीन-चार महिने सोडले तर निवडणं-टिपणं, गप्पा, अभ्यास, उन्हाळ्यातली झोप हे सगळं उघड्यावर होऊ शकतं. छताखालची जागा बांधायला सिमेंट, लोखंड, पैसा लागतो. उघडी जागा जवळजवळ फुकट पडते. मग गरिबांसाठी घरं बांधताना आपण त्यांच्याकडून नेमकी हीच फुकटातली जागा काढून घेतो आणि तिसऱ्या मजल्यावरची बंद खोली देतो, हे कुठलं अर्थशास्त्र? सरकारी वसाहतींच्या जिन्यात, पॅसेजमध्ये, टाकीवर लोक जे संसार मांडून बसतात, त्याचं कारण बेशिस्त नाही. चारपैकी दोन भाग नकाशातून गायब झालेले असतात.

याच नजरेने त्यांनी १९६८मध्ये मुंबईच्या फुटपाथांकडे पाहिलं. दिवसा फेरीवाले, रात्री तिथेच झोपणारे लोक. त्यांतले कितीतरी आसपासच्या घरांत आणि दुकानांत राबणारे. कोरियांनी रस्त्याच्या कडेला उंच, रुंद ओटे आखले आणि ठरावीक अंतरावर पाण्याचे नळ. दिवसभर धंदा, संध्याकाळी ओटा धुऊन काढायचा, रात्री त्यावर पथाऱ्या. रहदारीपासून अंतर राहिलं, पावलांची धूळही नाही. योजना कागदावरच राहिली. मला स्वतःला त्यांच्या सगळ्या गाजलेल्या इमारतींपेक्षा हा न बांधलेला ओटा जास्त सांगून जातो. झोपणारी माणसं हटवायची कशी हा प्रश्न त्यात नाहीच. ती झोपणार आहेत, तर नीट कशी झोपतील एवढंच आहे.

बेलापूरचं ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ १९८३ ते १९८६ या काळात उभं राहिलं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेची जमीन, पारसिकच्या डोंगराचा पायथा, मधून वाहणारा ओढा, क्षेत्र ५.४ हेक्टर. त्यात साधारण साडेपाचशे कुटुंबं बसवायची, म्हणजे हेक्टरी ५०० माणसं. ही घनता थोडीथोडकी नाही, आणि तरी कोरियांनी एकही इमारत दोन मजल्यांच्या वर नेली नाही. रचना अशी: सात घरांच्या मधे एक छोटं अंगण, सुमारे आठ मीटर लांब-रुंद. असे तीन पुंजके एकत्र आले की २१ घरांचा मोठा चौक, १२ मीटरचा. पुन्हा त्याची तिप्पट झाली की आणखी मोठी मोकळी जागा. अशी चढत चढत सगळी वसाहत ओढ्याकाठच्या सामाईक मोकळ्या जागेपर्यंत पोचते. आठ मीटरचं अंगण म्हणजे किती? समोरच्या दारातल्या माणसाला हाक न मारता, नुसत्या बोलण्याच्या आवाजात काही सांगता येईल एवढं. तिथे वावरणारं प्रत्येक पोर कुणाचं आहे हे सातही घरांना ठाऊक असणार. आगगाडीचे नकाशे काढणाऱ्या मुलाचा हात या आराखड्यात दिसतो.

पण खरी मेख प्लॉटमध्ये आहे. प्रत्येक घर आपापल्या जमिनीवर सुटं. दोन घरांत सामाईक भिंत नाही. शेजाऱ्याच्या बाजूची भिंत कोरी, तिला खिडकी नाही, म्हणजे डोकावण्याचं भांडण नाही. संडास-न्हाणी मात्र जोडीजोडीने, दोन प्लॉटची पाठीला पाठ लावून, की नळाचा आणि गटाराचा खर्च वाचावा. घर बांधायला गावातला गवंडी आणि सुतार पुरे: विटांची भिंत, वर चुना, लाकडी वासे, मंगळुरी कौलं. पैसा आला की मालकाने एक खोली वाढवायची, वर माळा चढवायचा. शेजाऱ्याची परवानगी लागत नाही, कारण त्याच्या भिंतीला हात लागत नाही. आणि सगळ्यांत लहान प्लॉट ४५ चौरस मीटर, सगळ्यांत मोठा ७५. दोघांच्या पगारात कितीही फरक असो, जमिनीत दुपटीचाही नाही. समतेवर भाषणं पुष्कळ होतात. ती नकाशात चौरस मीटरने मांडणारे थोडे.

पुढे काय झालं? लोकांनी घरं वाढवली. नुसती वाढवली नाहीत, पुष्कळांनी ती पाडलीच आणि त्याच जागी आरसीसीचे दोन-तीन मजली बंगले उठवले. कौलं गेली, ग्रिल आली, अंगणात गाड्या उभ्या राहिल्या. मूळ घरं आज हुडकून काढावी लागतात. वास्तुशिल्पाच्या वर्तुळात यावर हळहळ व्यक्त होते. मला ती अर्धीच पटते. वाढणारं घर द्यायचं आणि ते वाढलं की नाक मुरडायचं, हे काही खरं नाही. मालकांनी कोरियांचं म्हणणं शब्दशः ऐकलं, फक्त त्यांच्या आवडीनिवडी उचलल्या नाहीत. आणि प्लॉटच्या हद्दी टिकल्या म्हणून चौकही टिकले. घरं तिसऱ्यांदा बांधली तरी सात दारं अजून एकमेकांकडेच पाहतात. माझी खरी तक्रार वेगळी आहे. घर दोन मजल्यांचं होतं तेव्हा आठ मीटरच्या अंगणात भरपूर आभाळ होतं. भोवतालच्या भिंती उंच झाल्या की तेच अंगण विहिरीच्या तळासारखं होतं. वाढीला जागा होती, वाढीच्या उंचीला वेसण नव्हती. ही वेसण वास्तुशिल्पी घालू शकत नाही. ते नगरपालिकेचं काम.

अशीच गत गॅलरीची. मुंबई-पुण्यात फ्लॅट ताब्यात आला की पहिलं काम म्हणजे गॅलरी आत घ्यायची. सरकत्या काचा लावायच्या, खोली चार फूट वाढली म्हणून आनंद मानायचा आणि मग उकडतं म्हणून एसी लावायचा. यात लोकांचा लोभ आहे, पण गॅलरीही मुळात तीन फुटांचीच दिलेली असते, जिथे खुर्ची ठेवली तर पाय पसरायला जागा नाही. कांचनजंगातली गच्ची सहजासहजी आत घेता येत नाही, आणि घ्यावीशी वाटणारही नाही, कारण ती खोलीएवढीच मोठी आणि दुप्पट उंच आहे.

१९८०नंतरच्या मोठ्या सांस्कृतिक इमारतींत कोरिया प्रतीकांकडे वळले. जयपूरच्या जवाहर कला केंद्रात नवग्रहांचे नऊ चौकोन, त्यांतला एक सरकवलेला, कारण १७२७मध्ये वसवलेल्या जयपूरच्या आराखड्यातला एक चौकोनही डोंगरामुळे सरकला होता. मधला चौकोन उघडा. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या ‘आयुका’साठी काळ्या बेसॉल्टच्या भिंती, त्यावर काळा कडप्पा, त्यावर चकाकता काळा ग्रॅनाइट, अंतराळाच्या काळोखाची आठवण देणारा, आणि मधोमध कुंड. या कामांवर फार लिहिलं गेलं आहे. नवग्रह आणि मंडलं काढून घेतली, तरी त्या इमारती माणसाला बसायला, रेंगाळायला जागा देतात म्हणूनच चालतात, असं माझं मत. आयुकाच्या कुंडाच्या पायऱ्यांवर बसणाऱ्याला विश्वरचनेचं प्रतीक कळलं नाही, म्हणून त्याचं काही अडत नाही.

प्रतीकाविना हे साधलेलं काम म्हणजे पणजीची कला अकादमी. कांपाल भागात, मांडवीच्या काठाला, झाडांच्या उंचीहून वर न जाणारी ही इमारत १९८३मध्ये पुरी झाली. रस्त्यावरून येणारा माणूस वरच्या जाळीदार मांडवाखालून सरळ आत शिरतो आणि चालत चालत नदीपर्यंत पोचतो. तिकिटाचा, पासाचा प्रश्नच नाही. फॉयर सगळीकडून उघडा. गोव्यात संस्कृतीची वास्तू अशी असायला काही कारण आहे: तिथे नाट्यस्पर्धा आणि भजनी स्पर्धा यांना येणारा प्रेक्षक सूटबूट घालून येत नाही, पथक टेम्पोतून उतरतं, मृदंग-झांजा काखेत असतात, आणि आपली पाळी येईपर्यंत कुठेतरी टेकावं लागतं. दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, नदीकडचा खुला रंगमंच आणि तालमीच्या खोल्या यांच्यामधली ही टेकायची जागा हीच खरी अकादमी. अलीकडच्या वर्षांत ही वास्तू दुरुस्तीसाठी बंद राहिली आणि काम चालू असतानाच जुलै २०२३मध्ये खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं. गोव्यात त्यावर जो गदारोळ झाला तो वास्तुरसिकांपुरता नव्हता. रंगकर्मी रस्त्यावर आले, कारण त्यांची रोजची उठबस तिथे होती.

हीच मोकळ्या जागेची मागणी कोरियांनी शहराच्या मापावरही केली. मुंबई बेटासारखी दक्षिणोत्तर ताणली जाते आहे, नोकऱ्या टोकाला आणि घरं दूर उत्तरेला, ती खाडीपलीकडे पूर्वेला वळवली पाहिजे, हा प्रस्ताव १९६५मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मांडणारे तिघे: प्रवीणा मेहता, शिरीष पटेल आणि कोरिया. त्या नव्या शहरासाठी, म्हणजे नवी मुंबईसाठी, १९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे मुख्य वास्तुशिल्पी झाले. पण सरकारने आपली मुख्य कचेरी हलवली नाही. उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून नवे मनोरे उभे राहिले. नोकऱ्या होत्या तिथेच राहिल्या. नवी मुंबईला जोडणारी रेल्वे वाशीपर्यंत पोचायला १९९२ उजाडलं. कोरिया यावर जाहीरपणे, पुन्हा पुन्हा चिडून बोलले, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं.

नंतरचा प्रसंग गिरणगावचा. गिरणी कामगारांचा संप, मग बंद गिरण्या आणि मुंबईच्या ऐन मध्यात शेकडो एकर जमीन. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने सूत्र घातलं होतं: एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांना, उरलेली मालकाला. प्रत्येक गिरणीने आपापले तुकडे पाडले तर बागेच्या नावाखाली पट्ट्या-पट्ट्या हाती येणार. म्हणून १९९६मध्ये सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष या नात्याने कोरियांनी सुचवलं की गिरण्यांच्या जमिनी एकत्र धरून आखणी करा, म्हणजे परळ-लालबागच्या माणसाला खरंखुरं मैदान मिळेल आणि स्टेशनांभोवतीची कोंडी फुटेल. चार भागांच्या त्या हिशेबातला चौथा भाग, शहराच्या मापाचा. आठ मीटरचं अंगण आखणारा माणूस इथे एकरांचं अंगण मागत होता.

अहवाल बाजूला पडला. २००१मध्ये नियम बदलला: वाटणी आता गिरणीच्या सगळ्या जमिनीची नव्हे, फक्त आधीपासून मोकळ्या पडलेल्या तुकड्याची होणार. जिथे शेड उभी होती ती जागा वाटणीतून सुटली. न्यायालयीन लढाई झाली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि २००६मध्ये नवा नियम कायम राहिला. लोअर परळला आज जे मॉल आणि काचेचे मनोरे दिसतात ते बहुतेक या दुरुस्तीनंतरचे. त्या मनोऱ्यांच्या जाहिरातीत ‘डेक’ नावाची एक जागा असते, दिवाणखान्याला लागून, समुद्राकडे तोंड करून. ताबा मिळाला की पुष्कळ लोक ती आत घेतात.